माझ्या हाताखालचा आइस हॉकी संघ

मी ज्या संघाबद्दल लिहितो आहे तो आता अस्तित्वात नाही. त्याचा इतिहास सांगू शकतील अशी माणसं जगात पंधरा-वीस असतील. त्यांतल्या दोघांना मराठी येतं, आणि त्या दोघांपैकी एक श्रीवर्धनला सुपारीची बाग बघतात व त्यांना लिहायचा कंटाळा आहे. म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

संघ व्यावसायिक होता. म्हणजे खेळाडूंना पगार मिळायचा, राहायला जागा मिळायची आणि हरले तर ओरडा मिळायचा. खेळ आइस हॉकीचा. गाव खोबर, सौदीचा पूर्व किनारा, जिथे मे महिन्यात गाडीचं स्टिअरिंग धरायला हाताशी फडकं ठेवावं लागतं. हे वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही. मी मुलाखतीला गेलो तेव्हा हसलो नव्हतो, कारण मला नोकरी हवी होती.

मी बी.ई. मेकॅनिकल. रत्नागिरीकडच्या आमच्या मोहल्ल्यात पदवी घेणारा पहिला माणूस. हे मी सांगतोच, कुणी विचारो न विचारो. माझे अब्बा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचे. खांद्यावर गोणपाट, हातात आकडा. लादी ओढत आणायची, फोडायची, चुरा होडीत मासळीवर टाकायचा. त्यांच्या उजव्या खांद्याची कातडी गारठून गारठून काळी पडली होती. तिथे चिमटा काढला तरी त्यांना कळायचं नाही. लहानपणी आम्हा भावंडांचा तो एक खेळच होता.

नोकरी लागल्यावर मी घरी फोन केला.

"काम कसलं?" अब्बांनी विचारलं.

"बर्फाचं."

"बर्फाचंच करायचं होतं तर कॉलेज कशाला केलंस?"

"इथे ओढायचा नाही, अब्बा. बनवायचा."

"मासळी कुठली येते तिकडे?"

"मासळीसाठी नाही. त्याच्यावर माणसं खेळतात."

अब्बांनी फोन दुसऱ्या कानाला लावल्याची खरखर आली. मला वाटलं लाइन गेली.

"पगार वेळेवर देतात ना?"

"देतात."

"मग खेळू दे," अब्बा म्हणाले.

रिंक एका मॉलच्या तळमजल्यावर होती. काँक्रीटच्या पोटात नळ्यांचं जाळं आणि त्यातून शून्याच्या बरंच खाली जाऊनही न गोठणारं ग्लायकॉल फिरायचं. वरून पाणी फवारायचं, गोठू द्यायचं, पुन्हा फवारायचं. मग पांढरा रंग, मग लाल-निळ्या रेघा, मग पुन्हा पाणी. इतकं करून बर्फ किती, तर बोटाच्या दोन पेरांएवढा. ते गार करणारा चिलर बंद पडला की खालून वाळवंट वर येणार, हे मला कायम ठाऊक असायचं. बाकी कुणी त्याचा विचार करत नसे, आणि तो त्यांनी करू नये म्हणूनच मला पगार होता.

बर्फ घासायच्या गाडीवर श्रीवर्धनचे नाना होते. पूर्वी ते महाडला टेम्पो चालवायचे. ती गाडी बर्फाचा वरचा खरवडलेला थर काढते आणि मागून गरम पाण्याचा हात फिरवत जाते, म्हणजे चरे भरून पृष्ठभाग काचेसारखा होतो. नानांना हे पहिल्या दिवशी पटलं नाही.

"साहेब, बर्फावर गरम पाणी? आमच्याकडे असं केलं असतं तर म्हातारीने कानाखाली काढली असती."

"घाला हो नाना."

"घालतो. डिग्री तुमची आहे."

नंतर त्यांना ती गाडी इतकी आवडली की ते फेरी पूर्ण झाल्यावर हॉर्न वाजवायचे. गाडीला हॉर्न नव्हता. तो त्यांनी स्वतः बसवला होता.

संघाचे मालक म्हणजे आमचे मुदीर. ते तरुणपणी कॅनडात शिकायला होते, तिथे त्यांनी हा खेळ पाहिला आणि तो त्यांच्या मनात राहिला. कुणाच्या मनात मोटारी राहतात, कुणाच्या बाजपक्षी. पांढऱ्या पायघोळ तोबवर जाड जाकीट घालून ते काचेमागे बसायचे आणि गोल झाला की काचेवर अंगठी आपटायचे. स्पर्धेत तेव्हा तीनच संघ होते. आम्ही, जेद्दाचा एक, आणि समुद्रावरच्या पुलापलीकडे बहारीनमधला एक. त्यामुळे पहिल्या तीनांत येण्याची काळजी नव्हती. आमच्या जर्सीवर एक ससाणा होता. त्याच्या पायांत स्केट्स होत्या आणि चेहऱ्यावर, का कोण जाणे, काळजी.

आता मुख्य गोष्ट.

सौदीत परदेशी माणूस येतो तो कुठल्या तरी धंद्यासाठी. तो धंदा व्हिसावर लिहिलेला असतो, मग इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर येतो. सरकारच्या यादीत सुतार होता, मेंढपाळ होता, कबर खोदणारा होता. आइस हॉकीपटू नव्हता. कंपनीची सरकारी कामं बघणाऱ्या माणसाला तिथे मंदूब म्हणतात. आमचा मंदूब म्हणाला, नसू दे. आमची कंपनी मुळात एअर कंडिशनिंग देखभालीची, तिच्याकडे त्या व्हिसांचा साठा पडून होता. त्याने कॅनडा, फिनलंड आणि चेक देशाहून चौदा खेळाडू आणले ते सगळे ए.सी. टेक्निशियन म्हणून. कोच आला फोरमन म्हणून. आणि कंपनीत मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर, एकच होता.

तेव्हा कागदोपत्री हा पूर्ण संघ माझ्या हाताखाली होता. त्यांची हजेरी माझ्या सहीने जायची. एका सामन्यात सात नंबरच्या खेळाडूचे दोन दात पडले, तेव्हा अपघाताच्या फॉर्मवर मी "डक्टची दुरुस्ती करताना" असं लिहिलं. डक्ट कुठला, ते कुणी विचारलं नाही.

कोच मोठा माणूस होता, सतत च्युइंगगम चघळणारा, मनाने सरळ. मला बॉस म्हणायचा. आधी चेष्टेने, नंतर सवयीने. त्याने एक गोष्ट पहिल्याच हंगामात ओळखली, ती म्हणजे नमाजाच्या वेळा. मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली की मॉल बंद, रात्रीची इशाची झाली की पुन्हा बंद. मधल्या वेळात हॉकीचा तीन भागांचा सामना बसत नाही, दोन भागच बसतात. म्हणून दोन भाग मगरीबनंतर, तिसरा इशानंतर. डावपेचांच्या फळ्यावर त्याने नमाजाचं वेळापत्रक चिकटवलं होतं आणि सूर्यास्त मिनिटाने सरकला की तो सरावही सरकवायचा. जेद्दाचा संघ आला की त्यांचा कोच घड्याळ बघत राही, कारण जेद्दाला सूर्य उशिरा मावळतो आणि त्यांचं गणित चुकायचं. आमचे बरेचसे विजय त्यातून आलेले आहेत.

मग सौदीकरणाचा जोर वाढला. प्रत्येक कंपनीत आपल्या देशाची माणसं इतकी हवीत, असा हिशेब आला. हिशेब जमला तर सरकारी संगणकावर कंपनी हिरवी, घसरला तर पिवळी, आणि फारच घसरला तर लाल. हे मला चूक वाटत नाही. त्यांचा देश आहे, त्यांच्या पोरांना कामं हवीत. आमच्या बंदरावर बाहेरची माणसं भरली असती तर अब्बांनीही हेच म्हटलं असतं. अडचण एवढीच, की आमच्याकडे चौदा परदेशी टेक्निशियन होते आणि त्यांच्यापैकी एकालाही ए.सी. दुरुस्त करता येत नव्हता.

मंदूबने सौदी माणसं भरायला सुरुवात केली. त्याचा एक पुतण्या आला. तो पहिल्या दिवशी आला, चहा प्यायला आणि रजेवर गेला. तो पुन्हा आला नाही, पण त्याचा रजेचा अर्ज दर महिन्याला यायचा, व्यवस्थित, शिक्क्यासकट. दुसरा आला तो हुफूफ गावचा. तिशीतला, अंगाने भरलेला, अतिशय शांत. त्याच्या चाचांच्या खजुराच्या बागा होत्या. त्याला तिकीटखिडकीवर रोखपालाची जागा दिली, कारण गल्ल्यावर सौदीच माणूस हवा असा नियम होता.

तो रोज वेळेवर यायचा. आम्ही सगळे थोडे गोंधळलो.

खिडकीतून त्याला रिंक दिसायची. महिनाभर बघितल्यावर तो माझ्याकडे आला आणि अरबीत 'अहो'साठी असतो तो 'या' लावून म्हणाला, "या मुहंदिस, हा जाळीपुढे उभा राहणारा माणूस काय करतो?"

"चकती अडवतो."

"फिरत नाही?"

"फारसा नाही."

"हे मला जमेल," तो म्हणाला.

त्याला स्केटिंग येत नव्हतं. कोचने त्याला पॅड बांधले आणि जाळीपुढे ठेवून दिलं, गंमत म्हणून. खेळाडूंनी चकत्या मारल्या. कडक रबराच्या त्या चकत्या फार जोरात येतात, माणूस आपोआप डोळे मिटतो. हा मिटत नव्हता. नंतर कारण विचारलं तर म्हणाला, "लहानपणी खजुरीच्या झाडावर चढलेल्या मोठ्या भावाने खाली टाकलेले घड मी झेलायचो. ते याच्यापेक्षा जड असतात." सहा महिन्यांत तो पहिल्या संघाचा गोलकीपर झाला. खिडकीवर त्याच्या जागी कुणीतरी बसायला हवं, तर नाना बसू लागले. नानांचं म्हणणं, खिडकीत पंखा चांगला आहे.

तिसऱ्या हंगामात एक दिवस मुदीरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी. मंदूब कोपऱ्यात.

"या मुहंदिस, एक छोटं काम आहे."

त्या केबिनमध्ये मोठ्या कामांना छोटंच म्हणायचे.

"कोचची बायको इथे यायला हवी. ती नाही आली तर तो जाणार. तो गेला तर हंगाम गेला."

"मग आणू या," मी म्हणालो.

"त्याचा व्हिसा फोरमनचा. फोरमनला कुटुंब आणता येत नाही, मुहंदिसला येतं." मुदीरांनी खजुराची बी नीट बशीत ठेवली. "आणि मुहंदिसची जागा आपल्याकडे एकच आहे."

"म्हणजे माझी."

"फक्त कागदावर. काम तेच, पगार तोच, खुर्ची तीच. कागदावर तो मुहंदिस, तू टेक्निशियन."

"तो काय शिकलाय?"

"त्याच्याकडे डिग्री आहे," मंदूब म्हणाला. "शारीरिक शिक्षणाची. चार वर्षांची आहे, मी विचारलं."

"आणि माझी बायको, माझी मुलगी?"

"त्या तर आलेल्याच आहेत. आलेल्यांना कोण विचारतं? इन्शाल्ला काही होणार नाही."

या मंदूबने एअरपोर्टवर आमची हरवलेली बॅग इन्शाल्ला दुसऱ्या दिवशी मिळेल म्हणून सांगितलं होतं. ती बॅग अजून यायची आहे.

मुदीर आवाज न चढवता म्हणाले, "तुझा इकामा थंडीत संपतो. नूतनीकरण करताना दोन्ही एकदम करू. आत्ता आपण हिरवे आहोत, धंदा बदलता येतो. पुढचं कुणी सांगावं?"

मी साधा बोलणारा माणूस आहे. मी म्हणालो, "साहेब, तो शब्द मिळवायला माझ्या बापाचा खांदा गेला."

मुदीर खरोखर चिंतेत पडले. "कुठला?"

"उजवा."

"जेद्दाला माझ्या ओळखीचा हाडांचा डॉक्टर आहे. फार चांगला. बोलू का?"

मी म्हणालो, नको, आता बरा आहे. गहवा संपवला आणि बाहेर आलो.

घरी सांगितल्यावर बायको आधी चपात्या पूर्ण करून मग बोलली.

"अहो, टेक्निशियन म्हणजे वाईट काय आहे? माझा भाऊ टेक्निशियन आहे."

"वाईट काही नाही. मी नाही, एवढंच."

"हे बघा, पोरीचं दहावीचं वर्ष आहे. मार्चपर्यंत आम्हांला इथे राहायचंय. त्यासाठी कागदावर जे लिहायला लागेल ते लिहा. हमाल लिहा, माझं काही म्हणणं नाही."

"हमाल लिहिलं तर राहता येत नाही. तेच तर सांगतोय."

"मंदूब काय म्हणाला?"

"इन्शाल्ला म्हणाला."

तिने तवा धुवायला टाकला. बॅग तिचीच होती.

मुलगी अभ्यासाच्या टेबलावरून म्हणाली, "पप्पा, कोच को बोलो ना, वाइफ को टूरिस्ट वीजा पे बुलाए."

"इथे तसला व्हिसा नाही."

"व्हाय?"

"माझा विषय बर्फ आहे. अभ्यास कर."

मुलीचं केंद्र इथलं, फॉर्म इथे भरलेला. मध्येच परत जावं लागलं तर गावच्या शाळेत कुणी घेणार नव्हतं, वर्ष जाणार होतं. एका बाजूला हे. दुसऱ्या बाजूला, मी होकार दिला नाही तर इकाम्याचं नूतनीकरणच अडवणार, म्हणजे तिघांनीही बॅगा भरायच्या. थंडी यायची होती आणि दोन्हीकडून रस्ता मुलीच्या परीक्षेवरून जात होता.

कोच दुसऱ्या दिवशी स्वतः मशीनरूममध्ये आला. तिथे आवाज फार, ओरडूनच बोलावं लागतं. तो ओरडून म्हणाला, "बॉस! मला माहीत नव्हतं ती जागा तुझी आहे! मला म्हणाले कागदाचं काम आहे!"

"कागदाचंच आहे!" मी ओरडलो.

"माझी बायको दोन वर्षं एकटी आहे!"

"माझी इथे आहे! तिला राहायचंय!"

त्याने मान हलवली. मी कॉम्प्रेसरचं गेज बघून आकडा वहीत लिहिला. जाताना त्याने माझ्या कुटुंबासाठी पुढच्या सामन्याचे तीन पास काढून दिले. पास मीच छापून घेत असे, पण मी घेतले.

मी मुदीरांना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, विचार कर. मी म्हणालो, केला. ते म्हणाले, अजून कर. असे दोन-तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात मंदूब धावत आला. कंपनी पिवळी झाली होती, आणि कामगार खात्याचा निरीक्षक येणार होता. टेक्निशियन खरोखर टेक्निशियन आहेत का, हे तो बघणार होता.

मुदीरांनी मला पुन्हा बोलावलं. "ते दुसरं राहू दे. आधी हे. पोरांना शिकव."

म्हणजे संघाला. मी शिकवायला लागलो.

मी आयुष्यात पहिल्यांदाच शिकवलं आणि मला सांगायला हरकत नाही, मी चांगला शिकवतो. डावपेचांच्या फळ्यावर, नमाजाच्या वेळापत्रकाखाली, मी चार चौकोन काढले. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर. कोचने लगेच त्याचा सराव बसवला. चार कोपऱ्यांत चार खेळाडू, चकती म्हणजे रेफ्रिजरंट, नळ्यांतून फिरणारा गॅस. कॉम्प्रेसर चकती जोरात मारतो, कंडेन्सर ती गार डोक्याने घेतो, व्हॉल्व्ह अरुंद जागेतून सोडतो, इव्हॅपोरेटर सगळीकडची उष्णता गोळा करतो आणि परत देतो. मी कॉलेजात चार वर्षं शिकलो तेव्हा हे कुणी मला असं दाखवलं नव्हतं. फिनलंडची पोरं तर प्रेशर गेज वाचायलाही शिकली. सात नंबरवाल्या चेक पोराला त्याची गोडीच लागली, तो सुट्टीच्या दिवशी मशीनरूममध्ये येऊन बसायचा. चौदाही जणांना चार भागांची नावं अरबीत पाठ झाली. सामन्यात ते एकमेकांना त्याच नावांनी हाका मारायला लागले. जेद्दावाल्यांना वाटलं काहीतरी नवा डावपेच आहे, आणि ते तो सामना हरले.

गोलकीपरला मी शिकवलं नाही. तो सौदी, त्याला काय शिकवायचं? त्याची बाजू भक्कम होती. सगळ्यांना असंच वाटलं. मंदूबलाही.

निरीक्षक सकाळी आला. तरुण, नम्र, हातात टॅब्लेट. खेळाडू निळ्या डांगरी घालून ओळीत उभे. पान्हे हातात. त्याने सात नंबरला विचारलं, गॅस कमी झाला तर काय होतं? सात नंबरने इतकं सविस्तर उत्तर दिलं की निरीक्षकानेच त्याला थांबवलं. दोन-तीन जणांना आणखी विचारलं. सगळे पास. कोचला त्याने विचारलं, या माणसांकडून काम कसं करून घेता? कोच म्हणाला, "पहाटे पळवतो." निरीक्षकाने तेही लिहून घेतलं.

शेवटी तो माझ्याकडे वळला. "आणि तू?"

"मुहंदिस," मी म्हणालो. त्याने इकामा बघितला, चेहरा बघितला, इकामा परत दिला. मुदीर माझ्या शेजारीच उभे होते. ते छताकडे बघत होते.

मग निरीक्षक म्हणाला, "आता सौदी कर्मचारी."

पुतण्या रजेवर होता. अर्ज होता, शिक्का होता. निरीक्षकाने टिक केलं. "दुसरा? रोखपाल?"

आम्ही सगळे तिकीटखिडकीकडे गेलो. खिडकीत नाना बसले होते. समोर गल्ला उघडा, पंखा पूर्ण जोरात.

"हा कोण?"

"मी ड्रायव्हर," नाना म्हणाले. "हवा घेत होतो."

"गल्ल्यावर?"

"हवा तिथेच येते."

"आणि रोखपाल कुठे आहे?"

तेवढ्यात तो आलाच. सौदी कर्मचाऱ्याला बोलावलंय असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं आणि तो सरावातून तसाच निघाला होता. पायांवर उशांएवढे पॅड, छातीवर चिलखत, एका हातात मोठा पंज्याचा हातमोजा, तोंडावर जाळी. रबराच्या पट्ट्यांवरून स्केट्स टाकत, अजिबात घाई न करता. जाळी वर करून त्याने व्यवस्थित सलाम केला.

निरीक्षकाने सलाम घेतला. मग विचारलं, "हे काय आहे?"

"मी गोलकीपर आहे."

"तुझी नोंद रोखपाल म्हणून आहे."

"हो. पण काम मी हे करतो. रोज."

"सौदी माणूस?"

"हुफूफचा."

निरीक्षकाने त्याच्याकडे खालून वर बघितलं, मग मंदूबकडे, मग टॅब्लेटकडे. त्याच्या मनात काय आलं ते मला दिसत होतं. कंपनीने एका सौदी तरुणाचं नाव कागदावर लावलं आहे, त्याला खेळात रमवून ठेवलं आहे आणि त्याच्या राखीव जागी परदेशी माणूस बसवला आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं. त्याने लिहिलं: सौदीकरण खोटं.

चौदा हॉकीपटू टेक्निशियन म्हणून पास झाले. कधीही न आलेला पुतण्या पास झाला. संपूर्ण कंपनीत रोज वेळेवर येऊन प्रामाणिक काम करणारा सौदी माणूस एकच, आणि तेवढाच खोटा निघाला. त्याचं नाव हिशेबातून उडालं आणि आम्ही पिवळ्यावरून लाल झालो.

गोलकीपर त्या दुपारी बराच वेळ जाळीपुढे बसून होता. पॅड घालून बसलेला माणूस फार मोठा दिसतो. मी त्याच्याजवळ गेलो.

"मी जाऊन सांगू का त्याला? खेळून दाखवतो म्हणावं," तो म्हणाला.

"यादीत तो धंदा नाही."

"माझ्या देशात माझ्यासाठीसुद्धा नाही?"

"नाही."

त्याने हातमोजा काढून बर्फावर ठेवला. "खलास," म्हणाला. मग थोड्या वेळाने, जणू हवेबद्दल बोलावं तसं: "या मुहंदिस, कंपनी लाल झाली की परदेशी माणसाला कफीलची परवानगी न घेता दुसरीकडे जाता येतं. तुला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. कफील म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, आमचे मुदीर. मंदूबला माहीत असणार, पण तो ते आम्हांला का सांगेल? एवढे दिवस मी डोकं धरून बसलो होतो की मुदीर माझा इकामा अडवणार, आणि ज्या रंगाला सगळे घाबरत होते त्यानेच त्यांचा हात माझ्यावरून काढून घेतला होता.

"माझ्या चाचांचं खजुराचं कोल्ड स्टोरेज आहे," तो म्हणाला. "मशीन जुनं आहे. बघणारा माणूस नाही."

"जागा कुठली आहे? म्हणजे कागदावर?"

"तुला कुठली हवी?"

मी सांगितली.

बदली इकामा संपायच्या थोडी आधी झाली. मुदीर रागावले नाहीत. त्यांनी उठून हात मिळवला आणि पुन्हा एकदा अब्बांच्या खांद्याची चौकशी केली. त्यांचं सगळं लक्ष खिडकीबाहेर रिंककडे होतं. लाल कंपनीत खेळाडूंचे इकामे नवे होणार नव्हते. पोरं एकेक करून परतीच्या वाटेला लागली. कोच सगळ्यात शेवटी गेला, बायकोकडे. जाताना तो मला म्हणाला, "बॉस, हजेरी मांड." मी मांडली. सात नंबरला दुबईत नोकरी लागली, एका मोठ्या इमारतीत, चिलर टेक्निशियनची. शिफारसपत्र मी दिलं आणि त्यात एक शब्द खोटा नाही.

माझं तिथलं शेवटचं काम बर्फ काढायचं. चिलर बंद केला, खालून कोमट पाणी फिरवलं, नानांनी गाडीने थरामागून थर खरवडला. रेघा गेल्या, पांढरा रंग गेला. तो सगळा चुरा मॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये ओतला. भर दुपारी वाळूत पुरुषभर उंच बर्फाचा ढीग. फिलिपिनो नर्सेस, पठाण टॅक्सीवाले, मुलांना घेऊन आलेले मल्याळी, सगळे फोटो काढत होते. एका म्हाताऱ्या सौदी गृहस्थांनी मूठभर उचलून वास घेतला. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजापर्यंत तिथे नुसता ओला डाग होता, थोडा निळसर. नानांनी गाडीचा हॉर्न काढून घेतला आणि श्रीवर्धनला नेला. आता तो सायकलला आहे.

मुलीने मार्चमध्ये परीक्षा दिली. हुफूफहून केंद्रावर मी स्वतः गाडी चालवत नेत असे. मार्क चांगले पडले. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचा व्यवसाय आहे तोच राहिला. नव्या इकाम्याचा फोटो मी अब्बांना पाठवला. त्यांना अरबी अक्षरं कुराणापुरती येतात. त्यांनी तो शब्द बोट ठेवून ठेवून वाचला आणि फोनवर विचारलं, "आता तिकडे बर्फ आहे का?"

"नाही. खजूर आहे."

"खायचा?"

"हो."

"हे बरं झालं," अब्बा म्हणाले.

गोलकीपर कोल्ड स्टोरेजचा हिशेब बघतो, चाचांच्या शेजारी टेबल टाकून. दुपारी माल चढवून झाला की तो पॅड बांधतो आणि गोदामाच्या मोठ्या दारात उभा राहतो. फोर्कलिफ्टवाले टेनिसचे चेंडू मारतात. बांगलादेशी पोरं आहेत, क्रिकेटचा हात, चेंडू वेगात येतात. एकही आत जात नाही. पगार यासाठी कुणालाच नाही, तेव्हा याला व्यावसायिक म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच संघाचा इतिहास मी वर संपवला आहे.

दार इतका वेळ उघडं राहिलं की आतलं तापमान चढतं आणि कॉम्प्रेसर धापा टाकायला लागतो. मी पुढच्या बाजूने जाऊन ओरडतो. तो तोंडावरची जाळी वर न करता म्हणतो, "या मुहंदिस, दोनच मिनिटं."

मी आत जाऊन मशीनचं सेटिंग दोन अंश खाली करतो.